पोरांनी लिहिलेल्या खेळाचा मालक कोण?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही टेबलटॉप रोलप्लेइंग गेमवर, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळावर, अर्धं पान दिलं त्याबद्दल आधी आभार, कारण आमच्या लातूरला अजून बऱ्याच पालकांना वाटतं की पोरं फासे घेऊन बसली म्हणजे जुगारच खेळायलेत. लेखात वीस बाजूंचा फासा आला, परदेशातली क्रेझ आली, एकाग्रता वाढते हे पण आलं (ते लिहिल्याशिवाय पुरवणीत छापत नाहीत बहुतेक), पण ज्याच्यावरून ह्या धंद्यात जवळपास पन्नास वर्षं भांडणं चालू आहेत तो विषय काही आला नाही. टेबलावर बसून जी गोष्ट तयार होते, जे राक्षस, जे किल्ले, जे नियम कुणीतरी डोकं लावून लिहितं, त्याचा मालक कोण? लिहिणारा, छापणारा, का ज्याचे मूळ नियम वापरले ती कंपनी? हा प्रश्न आता आमच्या गल्लीपर्यंत आलाय म्हणून लिहायलोय. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा.

माझं कोचिंगच्या गल्लीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. आता झेरॉक्सवाल्यानं कॉपीराइटवर बोलावं का असं कुणाच्याही मनात येईल, येऊ द्या. पानापानावर "नक्कल करू नये" छापलेल्या नोट्सच्या नकला काढून आमचं घर चालतं, त्यामुळं मालकीची काय गंमत असते ती आम्हाला जरा जास्तच माहीत.

दुकानाच्या वर अभ्यासिका आहे. तिथली नीट-जेईईची पोरं-पोरी रविवारची टेस्ट झाली की हा खेळ मांडतात. एक जण गेम मास्टर, तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन बसतात, काय करायचं ते बोलतात आणि जमलं का नाही ते फासा ठरवतो. नियमाचं पुस्तक इंग्रजी पण बोलणं सगळं आपलं, "मी दाराला कान लावायलो, आत कोण हाय का बघ" असं. पहिल्यांदा इंटरनेटवरची तयार साहसं (खेळायसाठी लिहून ठेवलेल्या गोष्टींना साहस म्हणतात) खेळून झाली, मग त्याचा कंटाळा आला, परदेशी जंगलं आणि बर्फ आणि ड्रॅगन किती दिवस खेळायचे, म्हणून स्वतःच लिहायला लागली. एकानं नळदुर्गचा पाणीमहाल घेतला. एका मुलीनं देवगिरी घेतला. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरायाच्या किल्ल्यात धान्य म्हणून भरलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं सांगतात ना, तेवढा धागा तिनं उचलला. पोती कुणी बदलली हे शोधायचं, आणि ते पण किल्ल्याच्या त्या अंधारीतून जाऊन, जिथं दिवसा पण हाताला हात दिसत नाही, आणि तिथं एक म्हातारा मशालजी भेटतो जो खरं बोलला की त्याची मशाल विझते. मी टाइप करता करता काम थांबवून पुढचं वाचत बसलो होतो, गिऱ्हाईक उभं होतं समोर. ए-फाइव्ह साइज, मध्ये दोन स्टेपल, झालं पुस्तक.

पुढं एका मोठ्या शहरातल्या संस्थेनं मराठी गेम लिहायची स्पर्धा काढली. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलीनं साहस पाठवलं, उत्तेजनार्थ म्हणून प्रमाणपत्र आलं, घरी फ्रेम करून लावलं. काही महिन्यांनी त्याच संस्थेचा विकायचा डबा बाजारात आला, आत फासे, नकाशे आणि साहसांची पुस्तिका, आणि पुस्तिकेत मिठाची पोती, अंधारी, मशालजी, त्याचे संवाद शब्दाला शब्द. लेखक म्हणून नाव कुणाचंच नाही, फक्त "संपादक मंडळ". फोन केला तर उत्तर काय, "प्रवेशिकेतले नियम वाचले नव्हते का? सर्व साहित्याचे सर्व हक्क जगभर व कायमस्वरूपी आयोजकांकडे, असं स्पष्ट लिहिलंय."

लिहिलंय खरंच. पण लिहिलं म्हणजे लागू झालं असं नसतं हे मला एका वकील गिऱ्हाइकानं सांगितलं आणि मग मी कायदा काढून वाचला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी केलीच पाहिजे असं काही नाही, आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ म्हणतं की लेखी पाहिजे, देणाऱ्याची सही पाहिजे, कोणतं साहित्य, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय हे त्यात पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ऑनलाइन फॉर्मवर मारलेल्या टिकेला सही म्हणायचं का ह्यावर वकील लोक खुशाल भांडोत, पण हक्क दिले तरी कलम ५७ राहतंच, म्हणजे हे मी लिहिलंय असं म्हणायचा लेखकाचा अधिकार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फॉर्म भरला तेव्हा मुलगी सतरा वर्षांची होती. १८७२ च्या करार कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्या, मुलाचा करार धरतच नाहीत. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी स्पर्धा काढायची आणि त्यांच्याकडून जगभरचे कायमचे हक्क लिहून घ्यायचे, हे ज्यानं कुणी ड्राफ्ट केलं त्यानं एकदा तरी विचार करायचा.

तर ही झाली आमची गल्ली. पण हे सगळं ह्या खेळाच्या जन्मापासून चालू आहे आणि तो इतिहास इकडं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा ह्या प्रकारातला पहिला छापील खेळ, १९७४ ला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा ह्या छोट्या गावात टीएसआर नावाच्या कंपनीनं काढला. गाव छोटं, डोकी मोठी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन अशी दोघांची नावं होती. त्यातला आर्नेसन आधीपासून आपल्या मित्रांबरोबर ब्लॅकमूर नावाचं एक जग खेळत होता, आणि ते खेळायला आधार घेतला होता गायगॅक्सच्याच एका लढाईच्या खेळाच्या नियमांचा. म्हणजे ह्याचे नियम त्यानं घेतले, त्याची कल्पना ह्यानं घेतली, आणि त्यातून तिसरंच काहीतरी झालं. मग खेळ तुफान चालला, कंपनीनं "ॲडव्हान्स्ड" अशी सुधारित आवृत्ती काढली आणि हा वेगळा खेळ आहे म्हणून आर्नेसनला त्याची रॉयल्टी नाही असं ठरलं. १९७९ ला आर्नेसन कोर्टात गेला, १९८१ ला तडजोड झाली. पुढं १९८५ ला खुद्द गायगॅक्सच्याच हातून कंपनीचा ताबा गेला आणि मग तो बाहेर पडला, आणि ९० च्या दशकात त्यानं दुसरीकडून नवीन खेळ काढला तर टीएसआरनं त्याच्यावरच दावा ठोकला! ज्यानं खेळ जन्माला घातला त्याला कंपनी सांगायली की तू आमच्यासारखा खेळ कामून काढला. तडजोडीत तो नवा खेळ पण कंपनीनं विकत घेऊन टाकला आणि विषय संपवला.

आणि ह्याच कंपनीनं स्वतः काय केलं होतं? सुरुवातीच्या पुस्तकांत टोल्किन ह्या इंग्रज कादंबरीकाराचे हॉबिट (बुटकी माणसं) जसेच्या तसे घातले होते. तिकडून वकिलाचा इशारा आल्यावर हॉबिटचे हाफलिंग झाले, चालत्या-बोलत्या झाडांचे एंट होते त्यांचे ट्रीएंट झाले, आणि खेळ तसाच पुढं चालू. १९८० च्या त्यांच्या देवदेवतांच्या पुस्तकात तर आपले इंद्र, अग्नी, काली सगळे आहेत, प्रत्येकाला किती मार बसला की तो पडणार ह्याचे आकडे लावून. (आमच्या पोरांनी ते पान शोधून काढलं तेव्हा अभ्यासिकेत एक तास नुसता दंगा, अग्नीला एवढेच पॉइंट कसे म्हणून.) म्हणजे घेताना सगळ्यांचं घेतलं आणि ९० च्या दशकात इंटरनेट आल्यावर साध्या खेळणाऱ्यांनी घरी लिहिलेली साहसं नेटवर टाकली तर त्यांना वकिलाच्या धमक्या. लोक टीएसआरचा फुलफॉर्मच "सारखे खटले टाकणारे" अशा अर्थाचा करायचे. ती कंपनी शेवटी कर्जात बुडाली आणि १९९७ ला विझार्ड्स ऑफ द कोस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीनं घेतली, आणि १९९९ ला त्या दुसरीला हॅस्ब्रो ह्या खेळण्यांच्या कंपनीनं.

नव्या मालकांकडं रायन डॅन्सी म्हणून एक माणूस होता, त्याचं डोकं उलटं चाललं. तो म्हणला की छोटी छोटी साहसं आपण छापून परवडत नाही, ती बाहेरच्यांना छापू द्या, ते जेवढी छापतील तेवढी आपली मूळ नियमांची पुस्तकं खपतील. म्हणून २००० साली ओपन गेम लायसन्स आलं, ज्याला सगळे ओजीएल म्हणतात. त्यात सरळ दोन भाग केले. नियम, पात्रांचे वर्ग, बहुतेक राक्षस हे मोकळं, कुणीही घ्या, त्यावर लिहा, विका, आम्हाला एक पैसा देऊ नका, फक्त लायसन्सचा मजकूर पुस्तकात छापा आणि कुणाकुणाचं घेतलं त्यांची नावं टाका. आणि आपली खास ओळख, म्हणजे ठरावीक जगं, ठरावीक पात्रं, तो डोळ्याडोळ्यांचा तरंगता गोळा बीहोल्डर, हे राखीव. मला विचाराल तर ह्या पूर्ण इतिहासात एवढी सरळ वाटणी दुसरी झाली नाही. शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले त्यावर. कंपनीनं २००८ ला चौथी आवृत्ती काढताना कडक लायसन्स आणलं तर पायझो ह्या प्रकाशकानं जुन्याच मोकळ्या नियमांवर २००९ ला पाथफाइंडर नावाचा खेळ काढला आणि तो चालला. कंपनीनं दिलेल्या परवानगीवर कंपनीचाच प्रतिस्पर्धी उभा राहिला! हे त्यांना किती झोंबलं असेल ते पुढं दिसलंच.

५ जानेवारी २०२३ ला नव्या लायसन्सचा मसुदा फुटून बातमीत आला. त्यात काय होतं बघा. जुनं लायसन्स रद्द. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, नफ्यावर नाही हं, विक्रीवर, आणि पुस्तकाच्या धंद्यात विक्रीवर पंचवीस टक्के म्हणजे काय हे मला विचारा, कागदाचे आणि छपाईचे पैसे घरून घालायची वेळ. पन्नास हजार डॉलरच्या वर गेलं की हिशोब कळवायचा. आणि ह्या सगळ्यापेक्षा भारी कलम म्हणजे तुम्ही जे लिहाल त्याचे मालक तुम्हीच, पण आम्हाला ते कायमचं, जगभर, फुकट वापरायचा परत न घेता येणारा हक्क. वाचताना मला त्या प्रवेशिकेचीच आठवण झाली, शब्दसुद्धा तेच, जगभर आणि कायमस्वरूपी.

आता कुणी म्हणेल की २००० च्या लायसन्समध्ये "कायमचं" असं लिहिलं होतं मग रद्द कसं करणार. तीच तर गोम. कायमचं लिहिलं होतं पण "मागे घेता येणार नाही" असं लिहिलं नव्हतं. शिवाय एका कलमात होतं की ह्या लायसन्सची कुठलीही अधिकृत आवृत्ती वापरा, तर कंपनी म्हणाली की जुनी आवृत्ती आता आम्ही अधिकृत मानत नाही. ते लायसन्स घडवणारा डॅन्सीच सांगत होता की बाबांनो आमचा असा हेतू कधीच नव्हता. पण हेतू वेगळा आणि कागद वेगळा. वीस-बावीस वर्षं ज्या भरवशावर माणसं घर-संसार चालवत होती तो भरवसा एका न लिहिलेल्या शब्दावर लटकत होता.

मग लोकांनी जे केलं ते वाचून मला लई बरं वाटलं. मोर्चा नाही, काही नाही. कंपनीची जी ऑनलाइन सेवा होती तिचं सबस्क्रिप्शन लोक धडाधड बंद करायला लागले. पायझोनं काही प्रकाशकांना बरोबर घेऊन आपलं वेगळं लायसन्स जाहीर केलं, ओआरसी, जे कुठल्याच एका कंपनीच्या मालकीचं राहणार नाही आणि मागे घेता येणार नाही, ते त्याच वर्षी आलं पण. कंपनीनं मसुदा बदलून लोकांची मतं मागवली तर पंधरा हजारांच्या वर उत्तरं आली आणि बहुतेक सगळी विरोधात. शेवटी २७ जानेवारीला, म्हणजे एक महिना पण झाला नव्हता, कंपनीनं हात टेकले. जुनं लायसन्स आहे तसं ठेवलं, आणि पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा चारशेक पानांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या संस्थेच्या ॲट्रिब्युशन ४.० ह्या परवान्याखाली टाकून दिला. तो परवाना मागे घेता येत नाही आणि तो लिहिणारी संस्था कंपनीची नाही. आता कुणीही, अगदी आमच्या अभ्यासिकेतलं पोरगं पण, ते नियम मराठीत आणून पुस्तक काढून विकू शकतं. अट एकच, कुणाचं घेतलं ते सांगायचं आणि काय बदललं ते सांगायचं.

ही अट वाचली आणि मला वाटलं, हे तर आपल्याकडं आधीपासून आहे. गंगाखेडची जनाबाई, नरसीचा नामदेव, पैठणचे एकनाथ, सगळे आमच्या मराठवाड्यातले. अभंग कुणीही गावा, कुठल्याही चालीत गावा, कुणाला विचारायचं नाही, पण शेवटच्या चरणात "नामा म्हणे", "एका जनार्दनी" हे येणारच आणि ते गाळून कुणी गात नाही. गावोगावच्या भजनी मंडळात कधी कुणी म्हणलं का की ते नाव काढा आणि आमच्या मंडळाचं घाला? उलटं झालेलं आहे, नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवाच्या गाथेत मिसळले आणि अभ्यासक अजून निवडत बसलेत, पण तो वेगळा विषय. आणि सगळंच मोकळं होतं असंही समजू नका. नाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ ला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लोकांनी मधे मधे आपल्या ओव्या घुसवलेल्या होत्या त्या काढल्या, आणि शेवटी बजावून ठेवलं की ह्यात जो आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. वाचा, म्हणा, नकला करा, पण मजकुराला हात लावू नका. हे पण एक लायसन्सच झालं की! अभंगाला एक रीत आणि ज्ञानेश्वरीला दुसरी, आणि दोन्ही ठिकाणी लोकांना माहीत की काय चालतं आणि काय नाही.

हेच मी पोरांना सांगायलो, आणि तुमच्या वाचकांत जे कुणी असे खेळ लिहीत असतील त्यांनाही सांगतो. नियमाला फार कुरवाळत बसू नका. खेळ कसा खेळायचा ह्या पद्धतीवर तसाही कॉपीराइट लागत नाही, पद्धत ज्या शब्दांत लिहिली त्या शब्दांवर लागतो. अमेरिकेत १८७९ साली ह्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल झाला, तो पण हिशोबाच्या वहीवरून, म्हणजे आमच्याच लायनीतला खटला. एकानं हिशोब ठेवायची पद्धत पुस्तकात छापली, दुसऱ्यानं तशाच रकान्यांच्या वह्या काढल्या, कोर्ट म्हणालं पुस्तक तुझं पण पद्धत सगळ्यांची. आपल्याकडं १९७८ ला आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं, कल्पनेवर, विषयावर, इतिहासातल्या प्रसंगावर कुणाचा हक्क नाही, तो प्रसंग तुम्ही कसा मांडला त्यावर आहे. म्हणून देवगिरीची अंधारी कुणाच्या बापाची नाही आणि मिठाची पोती पण नाहीत. उद्या त्याच संस्थेनं त्याच पोत्यांवर आपल्या डोक्यानं दुसरं साहस लिहिलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण खरं बोलला की मशाल विझणारा मशालजी, त्याचं ते तुटक बोलणं, हे त्या पोरीचं.

परदेशातले कितीतरी छोटे लेखक नियम असेच देऊन टाकतात. फेट नावाच्या खेळाचे नियम २०१३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर आहेत. २०१० ला आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्डवाल्या बेकर जोडप्यानं तर आमच्या पद्धतीवर खेळ करायला आम्हाला विचारायचीच गरज नाही असं सांगून टाकलं आणि त्यावर कितीतरी खेळ झाले. त्यांचं काही गेलं नाही, उलट त्यातल्या बऱ्याच खेळांवर त्यांच्या खेळाचा उल्लेख येतो. पण ह्याचा अर्थ सगळं फुकट वाटा असा कुणी काढला तर त्याला पण माझा विरोध आहे. आमच्याकडं एक दुसरी जमात आहे, "ज्ञान फुकट पाहिजे" म्हणत कुणातरी एकट्या माणसानं दोन वर्षं खपून लिहिलेली, चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीची पीडीएफ टेलिग्रामवर टाकणारी. तिचे प्रिंट काढायला माझ्याकडं येतात, मी नाही म्हणतो, ते समोरच्या दुकानात जातात, तिथं निघतात. कंपनीनं लेखकाचं नाव पुसलं की तावातावानं बोलायचं आणि आपण लेखकाची विक्री बुडवायची, हे कसं काय जमतं कुणास ठाऊक.

मधला रस्ता पण आहे आणि त्याला वाकडं तोंड करायचं कारण नाही. २०१६ पासून डंजन मास्टर्स गिल्ड म्हणून एक ऑनलाइन दुकान आहे, तिथं तुम्ही कंपनीची राखीव जगं वापरून साहस लिहू शकता, विकलं की निम्मे पैसे तुम्हाला. बदल्यात ते साहस दुसरीकडं विकता येत नाही आणि तिथले बाकीचे लेखक तुमच्यातलं काही उचलू शकतात. मला हा सौदा फार आवडत नाही, निम्मे कापून घेणं म्हणजे जास्तच झालं, पण निदान आधी सांगतात, नाव तुमचं ठेवतात, आणि तुम्हाला पटलं तर करा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं पण आधी समजून घ्या, एकदा दिलं की परत घेता येत नाही, उद्या कुणी त्यावर लाखो कमावले तर हात चोळत बसावं लागेल. म्हणून पोरांना म्हणलं, नियमांत जे नवीन काढलं ते द्या, मशालजी आणि त्याची गोष्ट आपल्याजवळ ठेवा, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर चार ओळींत साध्या मराठीत लिहा की काय घेता येईल आणि काय विचारून घ्यायचं. ते पान मीच सेट करून दिलं. आता त्या गटाच्या प्रत्येक पुस्तकात ते असतं, मूळ नियम कुणाचे, चित्र कुणाचं, कुणाच्या टेबलावर खेळून तपासलं, सगळ्यांची नावं, अगदी "टाइपसेटिंग" म्हणून माझं पण, ते मी सांगितलं नव्हतं.

संस्थेला आता वकिलामार्फत पत्र गेलंय. मुलीच्या वडिलांचं म्हणणं होतं, पोरीचं वर्ष महत्त्वाचं, सोडून द्या. त्यांचं चूक म्हणत नाही मी, इथं दर पोराच्या डोक्यावर नीटची तलवार असते. पण तिनंच सांगितलं, पैसे नकोत, पुढच्या छपाईत नाव घाला आणि विकायच्या राहिलेल्या डब्यांत चिठ्ठी टाका. एवढं मागणं कुणाला जड जावं असं मला तरी वाटत नाही.

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी आहे म्हणून राग मानू नका. ज्या पुरवणीत तुम्ही ह्या खेळावर अर्धं पान दिलं त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर तुमच्या दिवाळीच्या बालकथा स्पर्धेची चौकट होती. वयोगट १० ते १६. आणि खाली बारीक टाइपात, बहुतेक सहा पॉइंटात, "प्राप्त साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील". हे वाक्य कुणी मुद्दाम घातलं असेल असं मला वाटत नाही, मागच्या वर्षीच्या जाहिरातीतून ह्या वर्षीच्या जाहिरातीत कॉपी-पेस्ट होत आलं असणार, आम्ही पण तसंच करतो. पण तेवढी ओळ काढून त्या जागी "निवडलेली कथा एकदा छापायची परवानगी, लेखकाच्या नावासह, बाकी हक्क लेखकाचे" एवढं टाकता येईल का? पालकाची सही पण मागा, मुलं अज्ञान आहेत. जागा तेवढीच लागते, मी मोजून बघितलंय. प्रवेशिका पाठवायची तारीख अजून गेलेली नाही, म्हणजे येत्या रविवारी दुरुस्ती छापता येईल.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक, लातूर

ता. क. नाव-पत्ता आणि फोन सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, पण संस्थेचं उत्तर येईपर्यंत छापू नका, नाव छापलं की दुकान कळेल आणि दुकान कळलं की पोरगी कळेल. नावासाठी एवढं मोठं पत्र लिहून स्वतःचं नाव झाकलं म्हणून हसाल तर हसा.